ओले हात, हिरवी पडलेली पिन आणि बिनतारी चार्जर: किनाऱ्यावरच्या एका खानावळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मालवण आणि देवगड यांच्यामधल्या एका गावात एका कुटुंबाचं चार खोल्यांचं होमस्टे आहे आणि त्याला लागूनच खानावळ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि माणसांच्या ओळखीही झाकल्या आहेत. खानावळ चालवतात त्या साठीच्या आसपासच्या काकी. काका सत्तरीचे, गल्ल्यावर बसतात, त्यांच्या छातीत पेसमेकर आहे. मुलगा आणि सून मुंबईत नोकरीला. हाताखाली गावातलीच एक मुलगी. मी तालुक्याच्या ठिकाणी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यामुळे या घरातला प्रत्येक फोन कधी ना कधी माझ्या टेबलावर उघडा पडलेला आहे.

बिनतारी चार्जर घ्यावा का, हे माझ्याकडे बहुतेक लोक हौसेने विचारतात. टेबलावर छान दिसतो, पाहुण्यांसमोर मिरवता येतो. त्यांना मी सहसा सांगतो की वायर लावायला दोन सेकंद लागतात, त्यासाठी दोन हजार रुपये कशाला घालवता? काकींना तेच उत्तर देता येईना, म्हणून हे प्रकरण लिहिण्यासारखं वाटलं.

त्यांच्या घरात सगळा धंदा एका फोनवर चालतो. खोलीचं बुकिंग, 'तुमचं लोकेशन पाठवा' म्हणणारे पर्यटक, मासे घेऊन येणाऱ्याने पाठवलेले टोपलीचे फोटो, गॅसची नोंदणी, आणि गिऱ्हाईकाने क्यूआर कोडवर भरलेले पैसे आले की नाही ते बघणं. फोनची जागाही ठरलेली आहे: स्वयंपाकघराच्या दारालगतचं काउंटर. एका अंगाला फोडणी, दुसऱ्या अंगाला गल्ला. तिथून तो दिवसभर उचलला जातो आणि पुन्हा तिथेच येतो. कधी काकींच्या हातात, कधी काकांच्या, कधी त्या मुलीच्या. उचलताना वायर काढायची, ठेवताना लावायची, आणि घाईत असलं की वायरीसकट ओढायचा.

अडचण

२०२४ च्या जुलैत काकी फोन घेऊन दुकानात आल्या. यांत्रिक मासेमारी बंद असण्याचे दिवस, पण शनिवार-रविवारी पाऊस बघायला येणाऱ्यांची खानावळीत गर्दी असते. फोनवर सारखी सूचना येत होती की चार्जिंगच्या जागी ओलावा आहे, वायर काढा.

"अरे झिला, ह्या बघ. पुन्हा तसाच म्हणता. फोन चार्ज होणा नाय," त्या म्हणाल्या. मी हात कोरडे करून वायर लावा असं सुचवल्यावर त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "माजे हात दिसभर ओलेच. किती वेळा पुसू?"

त्या फोनची पिन, म्हणजे वायर खोचायची जागा, याआधीही बदललेली होती. आता पुन्हा तीच वेळ. भिंगाखाली बघितलं तर आतली पट्टी हिरवट पडलेली, कोपऱ्यात पीठ आणि कपड्याचे तंतू बसलेले, आणि तोंड एका बाजूला किंचित फाकलेलं.

हे असं का होतं ते समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात. सी टाईप पिनच्या आत एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ संपर्क. त्यातल्या काहींवर पाच व्होल्ट, वेगवान चार्जर असला तर नऊ किंवा त्याहून जास्त व्होल्ट खेळत असतात. संपर्कांमधलं अंतर इतकं कमी की एक थेंब दोन-तीन संपर्कांना एकाच वेळी भिजवतो. साध्या पाण्याने एवढं बिघडत नाही. खारं पाणी मात्र वीज चांगली वाहून नेतं, आणि वीज चालू असताना ते धातू अक्षरशः खातं. वरचा सोन्याचा मुलामा गेला की खालचं निकेल, मग तांबं. ते हिरवं कीट म्हणजे तेच तांबं. किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतंच, आणि काकींच्या हाताला तर मासे धुतलेलं पाणीही.

सी टाईपची जोडणी १०,००० वेळा काढघाल सहन करेल अशा हिशेबाने बनवलेली असते. दिवसाला दहा वेळा काढघाल धरली तरी पावणेतीन वर्षं व्हायला हवीत. इथे पिन त्याच्या खूप आधी जात होती, कारण मारेकरी काढघाल नव्हतीच. मीठ आणि आडवा ओढा, ही दोन कारणं.

सूचना आल्यावर फोन वायरीतून वीज घेणं थांबवतो, आणि ते योग्यच आहे. पण पावसाळी हवेत पिन वाळायला तासन्‌तास जातात. मधल्या वेळात फोन मान टाकतो आणि गिऱ्हाईक हात धुऊन 'पैसे पाठवलेत हं' म्हणत उभं राहतं.

बिनतारी चार्जिंग चालतं कसं, थोडक्यात

तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की शेजारच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. चार्जिंग पॅडमध्ये एक वेटोळं, फोनच्या पाठीत दुसरं. वायरलेस पॉवर कन्सोर्शियम ही संस्था २००८ मध्ये स्थापन झाली आणि तिने 'ची' (Qi) हे मानक आणलं. त्यामुळे एका कंपनीचा पॅड दुसऱ्या कंपनीच्या फोनला चालतो. २०१७ मध्ये आयफोन ८ आणि आयफोन टेनमध्ये ही सोय आल्यावर तिचा बोलबाला झाला. २०२० मध्ये आयफोन १२ च्या पाठीत चुंबकांचं कडं आलं, जेणेकरून फोन पॅडवर बरोबर मधोमध चिकटावा. त्याच कल्पनेवर बेतलेलं 'ची टू' मानक २०२३ मध्ये आलं.

दोन वेटोळ्यांमध्ये काही मिलिमीटरचंच अंतर चालतं आणि ती समोरासमोर असावी लागतात. फोन जरा सरकला की वीज कमी पोहोचते आणि उरलेली उष्णता होते. सगळं जमून आलं तरी वायरीपेक्षा वीज जास्त लागतेच.

पर्याय आणि त्यांचा विचार

*पुन्हा पिन बदलणं.* सगळ्यात स्वस्त. त्या फोनला खालची छोटी सर्किटची पाटी बदलावी लागते, खर्च हजाराच्या आतबाहेर. पण कारण तसंच राहणार, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात मी आणि काकी पुन्हा समोरासमोर.

*चुंबकी टोकाची वायर.* पिनमध्ये एक छोटं टोक कायमचं बसवायचं आणि वायर बाहेरून चुंबकाने चिकटवायची. त्या मुलीने कुठेतरी व्हिडिओ बघून हे सुचवलं होतं आणि ओढा लागू नये एवढ्यापुरती तिची कल्पना चुकीची नव्हती. अडचण अशी की मग विजेचे संपर्क पिनच्या आत न राहता उघड्यावर येतात. मीठ-पाण्याचा हात थेट त्यांच्यावर. शिवाय असली टोकं यूएसबीच्या मानकात बसत नाहीत, जास्त वॉटच्या चार्जरसोबत ती कशी वागतील याची हमी कोणी देत नाही. हा पर्याय मी तिथल्या तिथे बाजूला ठेवला.

*रिसीव्हरची पट्टी.* काकींच्या फोनमध्ये बिनतारी चार्जिंगची सोय नव्हती. आपल्याकडे मधल्या किमतीच्या बहुतेक फोनमध्ये नसते. त्यावर उपाय म्हणून एक पातळ पट्टी मिळते. ती फोनची पाठ आणि कव्हर यांच्यामध्ये बसवायची आणि तिचं टोक चार्जिंगच्या पिनमध्ये खोचायचं. किंमत पाचशेच्या आसपास. काकींच्या भाच्याने ऑनलाईन मागवलीसुद्धा.

ही पट्टी अशा ठिकाणी का चालत नाही हे तिच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. पहिली गोष्ट, ती साधारण पाच वॉटची. काउंटरवरच्या फोनचा पडदा सतत चालू, मोबाईलची रेंज अर्धी, म्हणून फोन स्वतःच बरीच वीज खातो. पट्टीतून येणारी वीज त्यातच संपते आणि टक्के जागचे हलत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पट्टीची वीज शेवटी त्याच पिनमधून आत जाते. पिनमध्ये ओलावा आहे असं फोनला वाटलं की तो पट्टीलाही तितक्याच ठामपणे नाही म्हणणार. ज्या दुखण्यासाठी औषध आणलं त्या दुखण्यावर ते चालतच नाही. भाच्याने बसवली, पहिल्याच पावसाळी दुपारी सूचना आली, आणि पट्टी ड्रॉवरमध्ये गेली.

*पाठीत कॉइल, म्हणजे ते वेटोळं, असलेला फोन.* यात पिनला हातच लावायचा नाही. ओलाव्याची सूचना आली तरी पाठ कोरडी असेल तर असे फोन पॅडवर चार्ज होतात. मोठ्या कंपन्या स्वतःच अशा वेळी बिनतारी चार्जर वापरायला सांगतात. माझ्या मते काकींच्या बाबतीत हा मुद्दा एकटाच बाकीच्या सगळ्या सोयींवर भारी होता. प्रश्न पैशांचा होता. नवा घ्यायचा तर बजेट दुपटीवर जात होतं.

*फोन बदलायचाच नाही, हात लावणंच कमी करायचं.* म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणारा साऊंडबॉक्स घ्यायचा. हा पर्याय तेव्हा कोणी मांडला नाही. त्याबद्दल शेवटी.

पहिला निर्णय: कोणता फोन?

गणपतीला मुलगा आणि सून आले. मुलाने येताना तयारी करूनच आणली होती. आयफोन १२ आईला द्यायचा आणि स्वतः नवा घ्यायचा. सोबत चुंबकी चार्जर. फोन जवळ नेला की टप्पकन चिकटतो, ओल्या हातांनी नेम धरायची गरज नाही. कागदावर यापेक्षा चांगलं काही नव्हतं.

गाडी अडली ती काकांपाशी. ते बाजारात जाताना हाच फोन शर्टाच्या डाव्या खिशात टाकतात. पेसमेकर डाव्या बाजूला, कातडीखाली. पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले की हृदयाला झटका देणारं यंत्र) यांच्यात चुंबक ओळखणारी सोय मुद्दाम ठेवलेली असते, डॉक्टरांना तपासणीच्या वेळी यंत्राचा क्रम बदलता यावा म्हणून. चुंबक अगदी जवळ आला तर यंत्राला वाटतं की डॉक्टरच आलेत. अॅपलची स्वतःची सूचना अशी आहे की असा फोन आणि चुंबकी चार्जर अशा यंत्रापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब ठेवावेत, आणि बिनतारी चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२१ मध्ये १५ सेंटिमीटरचाच सल्ला दिला.

मुलाचं म्हणणं होतं की बाबांनी खिशात ठेवू नये, एवढंच. काकांचं उत्तर: "खिशात नको तर मगे खंय ठेवू?" आणि ते खरंच होतं. सत्तर वर्षांची सवय एका सूचनेने जात नाही. मी दुरुस्तीवाला, हृदयाच्या यंत्राबद्दल मत देणं माझं काम नाही, म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाच विचारा असं सुचवलं. डॉक्टरांनी घाबरवलं नाही, पण कोणताही फोन डाव्या खिशात नको आणि चुंबकवाला तर नकोच असं स्पष्ट सांगितलं.

मग सुनेने स्वतःचा जुना अँड्रॉइड फोन पुढे केला. वरच्या श्रेणीतला, तीनेक वर्षं वापरलेला, पाठीत कॉइल आहे पण चुंबकाचं कडं नाही. बॅटरी थकलेली होती, ती मी बदलून दिली. त्यावेळी एक गोष्ट काकींना स्पष्ट केली: फोन एकदा उघडला की कारखान्यातून आलेली पाणी रोखणारी पट्टी पूर्वीसारखी राहत नाही. मी नवी लावतो, पण 'पाण्यात टाकला तरी चालतो' हे वाक्य आता विसरायचं.

फुकटात मिळालेल्या फोनमुळे सगळं गणित बदललं, हे लपवण्यात अर्थ नाही. हाच फोन विकत घ्यावा लागला असता तर मी कदाचित पिन बदलून दिली असती आणि गप्प बसलो असतो.

दुसरा निर्णय: आडवा पॅड की उभा स्टँड?

भाच्याने मधल्या काळात सपाट गोल पॅड आणला होता. तो आठवडाभर वापरून बघितला. तक्रारी अशा:

फोन थरथरण्यावर असला की प्रत्येक कॉलला तो थोडा सरकतो. तीन-चार कॉल झाले की मधोमध ठेवलेला फोन कडेला जातो, दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग बंद. ओल्या हाताने घाईत ठेवलेला फोन मुळातच मधोमध नसतो. शिवाय काउंटरवर आडवा पडलेला फोन म्हणजे त्यावर सोलकढीचा थेंब पडायला आमंत्रण.

उभा स्टँड आणल्यावर यातलं बरंच आपोआप सुटलं. फोन खालच्या कडेवर टेकतो, म्हणून उंची चुकत नाही. आत एकावर एक दोन कॉइल असल्यामुळे थोडाफार फरक चालतो. आणि पडदा समोर दिसत राहतो, म्हणून पैसे आले का ते बघायला फोन उचलायचीच गरज उरत नाही. गणपतीच्या उभ्या मखरासारखा तो स्टँड काउंटरवर बसला आणि काकींनी त्याच्या मागच्या भिंतीला दराचा कागद चिकटवून टाकला.

तरी दोन दिवस चार्जिंग कूर्मगतीने चाललं. स्टँडला घरातला जुना पाच वॉटचा अॅडॅप्टर जोडला होता. स्टँडच्या खोक्यात अॅडॅप्टर नसतो आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. दहा-पंधरा वॉट मिळवायचे तर मागे वेगवान चार्जिंगचा अॅडॅप्टर लागतोच. दुसरं कारण कव्हर. सुनेने जाडजूड रबरी कव्हर चढवलं होतं आणि त्यावर बोटात अडकवायची धातूची रिंग. धातू कॉइलच्या मधे आला की तो तापतो, म्हणून चांगले चार्जर असं काही ओळखून बंद पडतात. पातळ कव्हर घातलं, रिंग काढली.

जागाही एकदा बदलावी लागली. पहिली जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, जिथे दुपारी शेगडीची धग येते. बिनतारी चार्जिंगने फोन मुळातच कोमट होतो, त्यात बाहेरची उष्णता मिळाली की फोन स्वतःच चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम राहणं सगळ्यात जास्त मानवत नाही, आणि काउंटरवरचा फोन नेमका तसाच दिवसभर बसतो: शंभर टक्के आणि गरम. म्हणून स्टँड गल्ल्याच्या बाजूला, पंख्याच्या वाऱ्यात हलवला आणि फोनच्या सेटिंगमध्ये ८५ टक्क्यांवर थांबण्याची सोय चालू केली. ही सोय नसती तर हा सगळा बेत मी सुचवला नसता.

तिसरा निर्णय: वीज गेली तर?

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गात कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पावसाळ्यात एरवीही ती जाते. त्यामुळे वाया जाणाऱ्या विजेचा हिशेब दोन वेगळ्या परिस्थितींत करावा लागला.

वीज असताना हा हिशेब हसण्यावारी नेण्यासारखा. त्या फोनची बॅटरी ४,५०० एमएएच, म्हणजे सुमारे १७ वॉट-तास. रोज एकदा पूर्ण भरली आणि पॅडमुळे दर वेळी आठेक वॉट-तास जास्त गेले असं धरलं, तरी वर्षाला तीन युनिटच्या आसपास. दहा-बारा रुपये युनिट धरलं तर तीस-पस्तीस रुपये. गंमत म्हणजे फोन नसतानाही पॅड फोनची वाट बघत थोडी वीज खातो. पाव-अर्धा वॉट म्हटलं तरी वर्षाचे दोन ते चार युनिट. म्हणजे रिकामा पॅड चालू ठेवण्याचा खर्च जवळपास चार्जिंगमधल्या गळतीइतकाच.

पॉवर बँकेवर आलो की मात्र हसू थांबतं. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास. आतल्या रूपांतरात थोडे जातात. उरलेल्यातून वायरीने हा फोन साधारण दीड वेळा भरतो, बिनतारीने जेमतेम एकदा. अंधारात दोन दिवस काढायचे असतील तर तो अर्धा भागही मोलाचा.

म्हणून ठरलं ते असं: वीज आहे तोवर दिवसा स्टँड. रात्री निजायच्या खोलीत, कोरड्या हातांनी, वायर. वीज गेली की फक्त वायर, आणि त्यासाठी पिन कोरडी आणि साबूत राखायची. बिनतारी चार्जरचा एक अप्रत्यक्ष फायदा इथे आहे: तो पिनला रोजच्या मारापासून वाचवतो, आणि अडचणीच्या दिवशी तीच पिन उपयोगी पडते.

चौथा निर्णय: खोल्यांमध्येही बसवायचे का?

मुलाचा उत्साह इथे थांबला नाही. चारही खोल्यांत पलंगाशेजारी बिनतारी पॅड बसवू, फोटो चांगले येतील, असं त्याचं म्हणणं. माझा विरोध होता आणि काकींचाही, पण कारणं वेगळी. काकी म्हणाल्या की पॅड बॅगेतून जाईल. माझं कारण असं की येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांच्या फोनमध्ये ही सोयच नसते, आणि ज्यांच्या असते ते पाकीटवाल्या कव्हरात एटीएम कार्डं ठेवून फोन तसाच पॅडवर ठेवतात. कार्डाच्या चिपला आणि पट्टीला ते चांगलं नाही. एका गिऱ्हाईकाने काउंटरच्या स्टँडवर खिशातली चिल्लर आणि गाडीची किल्ली टेकवून ठेवली होती, ती उचलताना बोटांना गरम लागली. ओळखून बंद पडायची सोय स्वस्त चार्जरमध्ये किती चांगली असते यावर मी पैज लावणार नाही.

खोल्यांत पलंगाशेजारी चांगली फळी आणि सी टाईपची भोकं असलेला सॉकेट बसवला. युरोपीय संघात डिसेंबर २०२४ अखेरपासून नव्या फोनना सी टाईप सक्तीचा झाला आहे आणि आयफोननेही २०२३ पासून तीच पिन घेतली आहे, त्यामुळे एकच वायर बहुतेकांना पुरते. पाहुण्यांकडून तक्रार आलेली नाही.

परिणाम

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात व्हायची होती आणि ती लवकर आली. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत पोहोचला. उन्हाळी गर्दी अजून ओसरली नव्हती आणि खानावळ भरलेली असताना पाऊस सुरू झाला.

ओलाव्याची सूचना येतच राहिली. पण आता ती आली की काकी फोन फडक्याने पाठीकडून पुसतात आणि स्टँडवर ठेवतात. चार्जिंग चालू राहतं. दिवाळीच्या आधी मी पिन भिंगाखाली बघितली. तंतू होते, ब्रशने निघाले. हिरवं काही नव्हतं. आधीच्या फोनच्या मानाने हा मोठा फरक आहे, फक्त फोनही वेगळा आहे हे लक्षात ठेवायला हवं. वरच्या श्रेणीतल्या फोनची पिन मुळातच जास्त चांगली बंदिस्त असते.

गैरसोयीही झाल्या. चार्जिंग चालू असताना फोन कानाला लावून बोलता येत नाही. वायर असती तर लांबवून बोलता आलं असतं. काकी स्पीकरवर बोलतात, त्यामुळे बुकिंगची घासाघीस अख्ख्या खानावळीला ऐकू येते आणि एकाला दिलेली सवलत दुसऱ्याला कळते. काकांना हे अजिबात आवडलेलं नाही. दुपारच्या गर्दीत फोन सतत हातात राहिला तर स्टँड असून नसल्यासारखा. त्या दिवशी संध्याकाळी टक्के खालीच असतात. बॅटरीची तब्येत वायरीवरच्या फोनपेक्षा वाईट आहे का, हे एका वर्षात ठामपणे म्हणता येणार नाही.

खर्च: बॅटरी, स्टँड, अॅडॅप्टर, पातळ कव्हर मिळून साडेचार हजारांच्या आत. त्याशिवाय आधीचा सपाट पॅड आणि ड्रॉवरमधली पट्टी, जी आता कोणाच्याच कामाची नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदी उलट्या क्रमाने झाली. आधी पट्टी, मग पॅड, मग फोन, मग स्टँड, शेवटी अॅडॅप्टर. फोन दिवसभर कुठे असतो, कोण उचलतं आणि हात कसे असतात हे आधी बघितलं असतं तर पहिल्या दोन वस्तू घेतल्याच गेल्या नसत्या. काकांच्या पेसमेकरचा विषय तर योगायोगाने निघाला. फोन घरात सगळे मिळून वापरत असतील तर घरातल्या सगळ्यांची माहिती आधी विचारणं दुकानदाराने स्वतःकडे घ्यावं. मी आता चुंबकी चार्जर मागणाऱ्याला हा प्रश्न विचारतो. लोक दचकतात, पण उत्तर देतात.

पिनला बसणारं सिलिकॉनचं बूच वीस-तीस रुपयांना मिळतं. ते आधी करून बघायला हवं होतं का? माझ्या मते अर्धवट उपयोग. कोरड्या पिनमध्ये धूळ जाऊ देत नाही, पण एकदा आत ओलावा गेला की तोच कोंडून ठेवतं.

सगळ्यात मोठा प्रश्न साऊंडबॉक्सचा. तो २०२५ च्या उन्हाळ्यात बँकेच्या माणसाने आणून बसवला. 'दोनशे चाळीस रुपये मिळाले' हे खानावळीत मोठ्याने ऐकू येऊ लागलं आणि पैसे बघण्यासाठी फोन उचलणं जवळजवळ बंद झालं. दिवसभराच्या उचलठेवीत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच होता. हा डबा जुलै २०२४ मध्येच आला असता तर फोनवरचे ओले हात आपोआप कमी झाले असते, आणि पिन बदलून देऊन काम भागलं असतं अशी शक्यता बरीच आहे. मुलगा हे मान्य करत नाही. त्याच्या मते आईला बुकिंगचे फोन घ्यावेच लागतात आणि त्या वेळी हात ओलेच असतात.

हा वाद सुटेल तेव्हा सुटेल. सुनेच्या फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणं लवकरच थांबणार आहे, आणि ज्या फोनवर पैशांचे व्यवहार चालतात तो त्यानंतर फार काळ ठेवू नये. पुढचा फोन घेताना कॉइलसाठी दहा-बारा हजार जास्त मोजायचे का, हे काकींनी अजून ठरवलेलं नाही. गेल्या खेपेला त्यांनी मला एवढंच विचारलं, की तोपर्यंत नव्या फोनमध्ये चुंबक नसलेलं काही मिळेल ना, कारण काकांचा खिसा काही बदलणार नाही.